थांबच्या अलीकडे

उभादांड्याच्या माडांना एक्साइजवाले नंबर घालतात,
डांबरानं, छातीच्या उंचीवर.
बाबांच्या सतरा नंबरचा एक पुसून गेलाय,
नुसता सात उरलाय,
घरात तरी त्याला सतराच म्हणतात.

मी त्याहून लहान जिवाला खूण करते.
सतराच्याच मडक्यातली थेंबभर माडी
औषधाच्या बाटलीतून कॉलेजात आणली,
प्लेटवर रेघा ओढून त्यातलं यीस्ट वेगळं केलं.
प्रयोगशाळेत दोन दिवस आंबूस वास होता.
सबनीस मॅडम म्हणाल्या, प्राचार्य यायच्या आत खिडक्या उघड.

पेशीत हजारो प्रथिनं राबतात,
कोण कुठे जातं, काही दिसत नाही.
मला त्यातलं एकच बघायचं होतं:
आई पेशीला कोंब फुटतो, कोंबाची लेक होते,
दोघींमधल्या त्या बारीक गळ्याभोवती
कडं धरून बसतं ते.

जनुकाच्या टोकाला तीन अक्षरं असतात, अर्थ एकच: थांब.
त्याच्या अलीकडे टाका घालायचा.
या बाजूची चाळीस अक्षरं, त्या बाजूची चाळीस,
मधे उसना हिरवा उजेड
कुठल्याशा थंड समुद्रातल्या जेलीफिशचा.
आमच्याकडे तिला झार म्हणतात,
रापणीत आली की माणसं शिव्या घालतात
आणि हात खाजवत घरी जातात.

लिथियमचं मीठ, बेचाळीस अंश,
उकळलेला सामन माशाचा डीएनए
(वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारात हा मासा
मी जन्मात पाहिलेला नाही),
तरी माडीचं यीस्ट दाराला आतून कडी लावून.
पहिल्यांदा प्लेट कोरी.
दुसऱ्यांदा वीज गेली, सबंध रात्र.
तिसऱ्यांदा अकरा ठिपके,
त्यातले नऊ खोटे.
दोघांची पट्टी जेलवर हवी तिथे आली.
मी कोणाला सांगितलं नाही,
खाली जाऊन एक कप चहा प्यायले.

बाबा आले ते शनिवारी, बँकेचं काम उरकून.
चपला बाहेर काढल्या.
काळोख्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून
बराच वेळ उभे.
"माझेच पापणीचे केस दिसतत."
मग जरा मागे सरकले, श्वास धरला,
माडावर हात बदलताना धरतात तसा.
"हां. हिरवी आंगठी."

आणि मग त्यांनी विचारलं,
जे मी चार महिने टाळत होते:
"ही शेपटी लावल्यार तेका काम करूक जमता?"

मी म्हटलं, जमतं, पेशी जिवंत आहेत ना.
मॅडमनी चष्मा वर केला.
या यीस्टकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती,
शेपूट एकीलाच.
दुसरी गुपचूप सगळं ओढत असेल,
तुला कसं कळणार?

बाबांना प्रती-बिती कळल्या नसतील.
ते म्हणाले, डांबराच्या आधी एक साहेब होतो,
तो पत्र्याचो नंबर खिळ्यान ठोकी.
सतराच्या अंगात तो खिळो अजून असा.

सोमवारी रात्री मी दोन फ्लास्क हलत ठेवले,
एक खुणेचं यीस्ट, एक बिनखुणेचं.
दर दोन तासांनी गढूळपणा मोजला.
पहाटे चारला: बिनखुणेचं ०.६१, खुणेचं ०.५८.
तीन शतांश.
हे शेपटीचं ओझं, की माझ्या झोपाळू हाताची चूक,
की काहीच नाही?
वहीत तिन्ही लिहिलं.
खाली लिहिलं: दुसऱ्या प्रतीलाही शेपूट लावणे. पुन्हा मोजणे.

उजाडताना बाबा सतरावर चढले असतील.
माड अजून माडी देतो.
खिळा नसता तर किती दिली असती,
ते सांगायला
त्याच मातीत, त्याच वयाचा
बिनखिळ्याचा सतरा कुणी लावलेला नाही.